डागडुजीचा कैवारी

मराठीत 'जीर्णोद्धार' हा शब्द उच्चारताना आवाजात आपोआप आदर उतरतो. 'डागडुजी' म्हटले की मात्र वेळ मारून नेण्यासाठी केलेले हलके काम डोळ्यांपुढे येते. जीर्णोद्धाराला देणगीदार मिळतात, त्याचा समारंभ होतो, त्याची कोनशिला बसते. डागडुजी करणारा शिडी लावतो, काम करतो आणि शिडी उचलून निघून जातो. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज कवी, लेखक आणि कारागीर विल्यम मॉरिस याने आयुष्याची शेवटची जवळपास वीस वर्षे या दोन कामांची प्रतवारी उलटी करण्यासाठी खर्च केली. जुनी इमारत वाचवायची असेल तर तिचा जीर्णोद्धार करू नका, तिची डागडुजी करत राहा, हे त्याचे सांगणे होते. ते आजही बरोबर आहे, असे माझे मत आहे. आणि त्याचे नाव आदराने घेणाऱ्या समाजांनीही, पैशाचा प्रश्न आला की, ते अजून मान्य केलेले नाही.

मॉरिस हा बाहेरून टीका करणारा हौशी माणूस नव्हता. १८३४ मध्ये लंडनलगतच्या वॉल्थमस्टो येथे सधन घरात जन्मलेला हा मुलगा धर्मगुरू होण्याच्या इराद्याने ऑक्सफर्डला गेला, मध्ययुगीन इमारतींच्या प्रेमात पडला आणि १८५६ मध्ये जॉर्ज एडमंड स्ट्रीट या वास्तुविशारदाकडे उमेदवारीला राहिला. स्ट्रीट हा गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या मध्ययुगीन शैलीच्या पुनरुज्जीवनातला मोठा माणूस होता आणि जुन्या चर्चच्या जीर्णोद्धाराची कामे त्याच्या कचेरीत नित्याची होती. मॉरिस तेथे वर्षभरच काय तो राहिला असेल, पण हा व्यवसाय आतून कसा चालतो ते त्याने पाहिले, आणि फिलिप वेब हा जन्मभराचा मित्र त्याला तेथेच मिळाला. पुढे १८६१ मध्ये मित्रांसह काढलेल्या कंपनीने फर्निचर, भिंतींचे कागद, विणलेली वस्त्रे आणि चर्चसाठी रंगीत काचांच्या खिडक्या तयार केल्या. आज तो वेलबुट्टीच्या त्या कागदांसाठी जगभर ओळखला जातो. हयातीत त्याची ओळख प्रथम कवी म्हणून होती.

त्या काळात जीर्णोद्धाराच्या नावाखाली काय चालले होते, हे जरा तपशिलात पाहायला हवे, कारण वादाचे मूळ त्यातच आहे. इंग्लंडमधील गावोगावची चर्चे पाचसहाशे वर्षे अखंड वापरात होती आणि जवळजवळ प्रत्येक शतकाने त्यांत आपली भर घातली होती. भिंत तेराव्या शतकातली, खिडकी पंधराव्या शतकातली, लाकडी कप्प्यांची बाके सतराव्या शतकातली, सज्जा अठराव्या शतकातला, असा तो साठा असे. एकोणिसाव्या शतकात धर्मोत्साहाची नवी लाट आली, हाती पैसा आला, आणि त्याबरोबर वास्तुविशारदांमध्ये असा समज पक्का झाला की गॉथिक कलेचा एक कालखंड, बहुधा तेराव्या शतकाच्या अखेरीपासून चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतचा, तेवढा शुद्ध आणि नंतरची भर म्हणजे भेसळ. मग नंतरच्या खिडक्या काढून त्या 'मूळ' शैलीत नव्याने बसवल्या जात, बाके आणि सज्जे मोडीत निघत, आणि भिंतींचा गिलावा खरवडून आतला ओबडधोबड दगड उघडा केला जाई. तो दगड उघडा राहण्यासाठी रचलेलाच नव्हता. शिवाय गिलाव्याच्या थरांत जुनी भित्तिचित्रे होती. खरवडण्याबरोबर तीही गेली.

बाहेरच्या दगडाचे नुकसान याहून सूक्ष्म होते. घडीव दगडावर पाथरवटाच्या छिन्नीच्या जवळजवळच्या, तिरप्या, थोड्या असमान रेघा असतात. त्या रेघांवरून हत्यार कोणते होते, हात कोणत्या दिशेने चालत होता, हे जाणकाराला वाचता येते. पाचशे वर्षांच्या पावसाने झिजलेला तो पृष्ठभाग 'स्वच्छ' करण्यासाठी तासला, की नवा दगड हाती येतो आणि जुना माणूस कायमचा निघून जातो. मॉरिसने पुढे जुन्या इमारतींसाठी काढलेल्या संस्थेला 'खरवडविरोधी' हे टोपणनाव पडले, ते या तासण्या-खरवडण्यावरून.

यात व्यवहाराचाही भाग होता. वास्तुविशारदाचे मानधन कामाच्या एकूण खर्चावर टक्केवारीने, साधारणपणे पाच टक्के, ठरत असे. ज्याने पन्हळ साफ करून चार कौले बदलण्याचा सल्ला दिला त्याला काहीच मिळत नसे. ज्याने अर्धे चर्च उतरवून पुन्हा उभारले त्याला भरपूर मिळे. हे वास्तुविशारद लबाड होते असे मी म्हणत नाही. त्यांतला सर्वांत मोठा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. त्याच्या हाताखालून शेकडो जुन्या इमारती गेल्या. १८७० मध्ये सेंट ऑल्बन्स येथील चर्चचा मध्यवर्ती मनोरा कोसळण्याच्या बेतात असताना त्याने टेकू देऊन तो वाचवला, आणि जीर्णोद्धार मूळ वास्तूशी प्रामाणिक असावा असे तो स्वतःही लिहीत असे. चांगल्या हेतूचा, कसबी, अभ्यासू माणूसही त्या पद्धतीत शिरला की इमारतीचे नुकसान करून बाहेर पडत होता. दोष पद्धतीत होता, म्हणून उत्तरही पद्धतीचेच हवे होते.

१८७६ मध्ये, ऑक्सफर्डशायरमधील केल्मस्कॉट या आपल्या खेड्यातल्या घरापासून जवळच असलेल्या बर्फर्डचे चर्च कसे बदलले जात आहे, हे मॉरिसने पाहिले. त्याने आक्षेप घेतला तेव्हा तेथील धर्मगुरूने 'चर्च माझे आहे, मला वाटले तर मी त्यात डोक्यावर उभा राहीन' असे उत्तर दिले, अशी हकिकत सांगितली जाते. पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये ट्यूक्सबरीच्या भव्य चर्चचे काम स्कॉटकडे जाणार असल्याची बातमी त्याच्या वाचनात आली आणि त्याने 'अथेनियम' या साप्ताहिकाला पत्र लिहिले. जुन्या इमारतींवर नजर ठेवणारी, वारा-पाऊस बाहेर रोखण्यापलीकडे जाणाऱ्या प्रत्येक जीर्णोद्धाराला विरोध करणारी एक संस्था असावी, अशी त्या पत्रातली मागणी होती. त्याच महिन्यात 'सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ एन्शंट बिल्डिंग्ज' स्थापन झाली. तिचा जाहीरनामा मॉरिसने लिहिला आणि ती संस्था आजही काम करते.

तो जाहीरनामा दोनेक पानांचा आहे. त्यातला गाभ्याचा भाग साधा आहे: रोजच्या काळजीने क्षय रोखा; भिंत झुकली असेल तर टेकू द्या, छप्पर गळत असेल तर ते नीट करा, आणि टेकू हा टेकूच दिसू द्या, ती जुनी कला असल्याचा आव आणू नका. इमारत आजच्या वापराला अपुरी वाटत असेल तर तिला छिन्नविच्छिन्न करण्यापेक्षा दुसरी बांधा. या इमारती आपल्या मालकीच्या नाहीत, आपण पुढच्या पिढ्यांचे विश्वस्त आहोत, हा विचारही मॉरिसने पुढे वारंवार मांडला. शैलीचा निवाडा त्याने मुद्दामच केला नाही. कोणत्या काळातली इमारत रक्षणाला पात्र, या प्रश्नाला त्याचे उत्तर असे की ज्या वास्तूसाठी सुशिक्षित, कलाप्रेमी माणसांना वाद घालावासा वाटेल ती प्रत्येक. स्वतःच्या आवडीनिवडीवर त्याने घातलेला हा लगाम मला फार मोलाचा वाटतो. त्याला स्वतःला सतराव्या शतकातील वास्तुविशारद क्रिस्टोफर रेनची प्रबोधनकाळच्या वळणाची चर्चे मुळीच आवडत नसत; पण लंडन शहरातील त्या चर्चांवर पाडकामाची वेळ आली तेव्हा १८७८ मध्ये त्याने त्यांच्याही बाजूने वृत्तपत्रात लिहिले.

संस्थेच्या हाती कायद्याचे बळ नव्हते, पैसाही बेताचाच होता. तिचे हत्यार एकच होते, ते म्हणजे लेखन. वृत्तपत्रांना पत्रे, धर्मगुरूंना आणि विश्वस्त मंडळांना पत्रे, इमारत प्रत्यक्ष पाहून केलेले अहवाल, वार्षिक सभेतली भाषणे. वास्तूचे जतन म्हटले की आपल्याला चुना, दगड आणि परांची आठवते. पण त्याआधी कोणीतरी ती इमारत नीट पाहून, तिच्यात काय आहे आणि काय जाणार आहे हे नेमक्या शब्दांत लोकांपुढे ठेवावे लागते. मॉरिसने हे काम जन्मभराच्या लेखनसवयीतून केले. कधी त्याचा तोलही गेला. १८७९ मध्ये व्हेनिसच्या सेंट मार्क्स चर्चच्या दर्शनी भागाच्या पुनर्बांधणीविरुद्ध त्याने मोहीम काढली. ग्लॅडस्टन आणि डिझरायली या कट्टर राजकीय प्रतिस्पर्ध्यांनी एकाच निवेदनावर सह्या केल्या, आणि इकडे इटलीत मात्र परक्यांनी आपल्याला शहाणपण शिकवावे याचा राग आला. तो राग मला अनाठायी वाटत नाही.

पण शब्दांच्या पाठीशी कृती होती. जुन्या चर्चांसाठी रंगीत काचांच्या खिडक्या हा मॉरिसच्या कंपनीचा महत्त्वाचा धंदा होता आणि त्याची बरीचशी मागणी जीर्णोद्धाराच्या कामांतूनच येत असे. १८७७ मध्येच कंपनीने जाहीर केले, की प्राचीन कलेची स्मारके म्हणता येतील अशा इमारतींसाठी यापुढे आम्ही खिडक्यांची कामे स्वीकारणार नाही. ज्या प्रवाहावर आपले घर चालते तोच अडवायचा, हे सोपे नसते. वारशाविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाला मी हा निर्णय आधी वाचायला देईन.

मॉरिसचा विरोध केवळ सौंदर्यदृष्टीचा नव्हता. त्यामागे श्रमाचा विचार होता, आणि त्याच्या इतर चाहत्यांपेक्षा मला तोच भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. १८८३ मध्ये तो समाजवादी चळवळीत उतरला आणि १८८४ मध्ये आपल्याच संस्थेच्या वार्षिक सभेत त्याने वास्तुकला आणि इतिहास यांच्या नात्यावर भाषण केले. त्याचा मुद्दा असा: मध्ययुगीन कारागिराचे हत्यार, वेळ आणि डोके त्याच्या स्वतःच्या ताब्यात होते, कोरताना तो काहीतरी ठरवत होता. एकोणिसाव्या शतकातला मजूर दुसऱ्याच्या नकाशावरून, दुसऱ्याच्या घड्याळावर, मजुरीसाठी तोच आकार काढतो. आकार सारखा आला तरी काम सारखे होत नाही, कारण ते काम ज्या जगण्यातून येत होते ते जगणे उरलेले नाही. म्हणून जुन्या नक्षीची हुबेहूब प्रत ही त्याच्या लेखी खोटी कागदपत्रे करण्यासारखी होती. कलासमीक्षक जॉन रस्किनने १८४९ मध्येच आपल्या पुस्तकात जीर्णोद्धाराला असत्य म्हटले होते; ते असत्य का, याचे कारण मॉरिसने समाजाच्या रचनेत दाखवले.

या युक्तिवादाचा एक परिणाम त्याच्या टीकाकारांच्या ध्यानात येत नाही. ते म्हणतात, जपानमधील इसे येथील देवस्थान दर वीस वर्षांनी नव्याने बांधले जाते, शेवटचे २०१३ मध्ये. मग जुना दगडच जपायचा हा युरोपाचा हट्ट कशाला? पण इसे येथे सुतारकामाची परंपरा एका पिढीकडून दुसरीकडे चालत राहावी, यासाठी त्या वीस वर्षांच्या चक्राचा मोठा आधार आहे. तेथे जपली जाते ती कारागिरी, आणि नव्याने बांधणे हीच तिची डागडुजी. मॉरिसचा आक्षेप साखळी तुटलेली असताना ती न तुटल्याचा देखावा करण्याला होता. साखळी शाबूत असेल तर त्याच्याच तर्काने नवे काम खरे ठरते.

आता डागडुजी प्रत्यक्षात म्हणजे काय, ते पाहू. रस्किनच्या त्याच पुस्तकात एक वाक्य आहे, त्याचा आशय असा: वेळेवर छपराला लावलेले शिशाचे दोनचार पत्रे आणि पन्हळीतून वेळेवर काढलेला पालापाचोळा छप्पर आणि भिंती दोन्ही वाचवतो. हे अक्षरशः खरे आहे. कठड्यामागच्या पन्हळीत पाने साचली की पाणी पुढे सरकत नाही. ते पत्र्याच्या कडेवर चढते, खाली वाशांची टोके आणि ती ज्या लाकडावर टेकलेली असतात ते लाकूड भिजवते. भिजलेल्या लाकडाला बुरशी लागते, वासा भिंतीत जिथे विसावतो तिथेच कुजतो, छप्पर किंचित खचते आणि त्याचा भार भिंतीला बाहेर रेटू लागतो. इतके होईपर्यंत खालून काहीच दिसत नाही. दिसते तेव्हा वास्तुविशारद सांगतो की छप्पर उतरवावे लागेल, आणि एकदा छप्पर उतरले की बाकीचे बदल ओघाने येतात. तीच गत दरजांची. जुनी भिंत चुन्याने बांधलेली असते. पाणी आत शिरले तरी चुन्याच्या दरजांतून ते सुकून बाहेर पडते. त्या दरजा टिकाऊपणाच्या समजुतीने सिमेंटने भरल्या की पाणी दगडातून वाट काढते आणि दगडाचेच पापुद्रे सुटू लागतात.

फिलिप वेबने या विचाराला तंत्राची जोड दिली. १८९० च्या दशकाच्या आरंभी विल्टशायरमधील ईस्ट नॉइल येथील चर्चचा मनोरा धोकादायक झाला होता. तो उतरवून पुन्हा बांधण्याऐवजी वेबने भिंतीच्या आतला निकामी गाभा थोडा थोडा उकरून तेथे नवे भक्कम काम भरत नेले. बाहेरचा जुना दगड जागचा हलू दिला नाही. काम संपल्यावर बाहेरून पाहणाऱ्याला काही झाल्याचे कळू नये, हे त्यातले यश. अशा यशाची प्रसिद्धी होत नाही.

मॉरिसच्या घरापासून काही मैलांवर इंगल्शम येथे तेराव्या शतकातले एक लहान चर्च आहे. १८८८-८९ मध्ये त्याच्या प्रयत्नांनी आणि पैशाच्या मदतीने ते दुरुस्त झाले. तेथे लाकडी कप्प्यांची जुनी बाके आहेत, फरशी उंचसखल आहे, आणि भिंतींवर अनेक शतकांची चित्रे व अक्षरे एकावर एक आलेली आहेत. एका काळातले धर्मवचन दुसऱ्या काळातल्या चित्रातून डोकावते, आणि कोणतेही एक पूर्ण वाचता येत नाही. स्कॉटच्या पद्धतीने काम करणाऱ्याने त्यांतला एक थर निवडून बाकीचे पुसले असते. येथे कोणीच निवड केली नाही. मॉरिसच्या नावाची एक छोटी पाटी तेथे आहे, आणि तिच्यावर हे चर्च 'दुरुस्त' केल्याचे लिहिले आहे.

याच्या अगदी उलट उदाहरण सेंट ऑल्बन्सचे. लॉर्ड ग्रिमथॉर्प या श्रीमंत वकिलाने १८८० च्या दशकात स्वतःच्या खर्चाने आणि स्वतःच्याच आराखड्याने त्या चर्चचा पश्चिमेकडचा दर्शनी भाग नवा केला. प्रवेशद्वाराशी संत मॅथ्यूची मूर्ती आहे. तिला चेहरा ग्रिमथॉर्पचा आहे. इमारत त्याने पडू दिली नाही, हे त्याचे श्रेय मी नाकारत नाही. पण देणगी देणाऱ्याला इमारतीवर आपला चेहरा कोरण्याची मुभा ज्या व्यवस्थेत मिळते, त्या व्यवस्थेत पन्हळ साफ करायला पैसा कोण देणार?

हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात संपलेला नाही. १५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसच्या नोत्र-दामला आग लागली, तेव्हा छपरावरचे शिखर दुरुस्तीसाठी परांचीने वेढलेले होते. ते शिखर १८५९ मध्ये व्हियोले-ल-द्युकने उभारलेले. जीर्णोद्धार म्हणजे इमारत अशा पूर्ण अवस्थेला नेणे जी कदाचित कधीच अस्तित्वात नव्हती, असे लिहिणारा हाच तो वास्तुविशारद. आगीपूर्वी त्या चर्चचे झिजलेले दगड आणि तुटलेली शिल्पे सर्वांना माहीत होती आणि दुरुस्तीसाठी पैसा जमवताना दमछाक होत होती. आगीनंतर ८० कोटी युरोंहून अधिक देणग्या आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये चर्च पुन्हा उघडले. सुतारांनी कुऱ्हाडीने ओक तासून उभारलेले तिथले छप्पर पाहून मॉरिसला त्या हातांविषयी ममत्व वाटले असते, असे मला वाटते. त्या कामाला मी खोटे म्हणणार नाही. तरीही त्यातला थोडासाच पैसा आधीच्या तीस वर्षांत नियमितपणे मिळाला असता, तर दगडांची ती दुरवस्था टळली असती. आग लागलेल्या इमारतीसाठी मन हेलावते, गळक्या इमारतीसाठी हेलावत नाही. म्हणूनच देखभाल भावनेवर सोडता येत नाही. ती नियमाने आणि अंदाजपत्रकाने बांधावी लागते.

नियमांच्या बाबतीत मॉरिसचा विचार हळूहळू पुढे गेला. १८८२ चा ब्रिटिश प्राचीन स्मारक कायदा मुख्यतः प्रागैतिहासिक अवशेषांपुरता होता. वापरातल्या चर्चांना त्याने हात लावला नाही. १९५५ मध्ये इंग्लंडच्या चर्चने प्रत्येक इमारतीची दर पाच वर्षांनी तज्ज्ञाकडून तपासणी बंधनकारक केली. वास्तुजतनाच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेने कायम देखभाल ही जतनाची अट मानली आणि अटकळ सुरू होते तेथे पुनर्स्थापना थांबली पाहिजे असे म्हटले. तत्त्व म्हणून सगळे मान्य झाले. पैशाचे गणित मात्र उलटेच राहिले. ब्रिटनमध्ये आज नवे घर बांधले तर मूल्यवर्धित कर शून्य दराने आकारला जातो, आणि उभ्या असलेल्या इमारतीची दुरुस्ती केली तर सर्वसाधारणपणे वीस टक्के. २०१२ पर्यंत तर संरक्षित यादीतल्या इमारतीत मंजुरी घेऊन फेरफार केल्यास करमाफी होती, आणि तिचीच दुरुस्ती केल्यास पूर्ण कर. खिडकी आहे तशी नीट करण्यापेक्षा बदलणे स्वस्त, असा संदेश सरकारच देत होते. ही विसंगती सरकारने दूर केली ती फेरफारांवरही कर लावून. दुरुस्तीवरचा कर कमी झाला नाही. प्रार्थनास्थळांना दुरुस्तीवरचा कर अनुदानाने परत देणारी योजना २००१ मध्ये आली, पण २०२५ मध्ये तिच्यावर प्रत्येक इमारतीमागे वर्षाला २५,००० पौंडांची मर्यादा घालण्यात आली. चर्चचे गळके शिशाचे छप्पर बदलण्याचा खर्च सहज काही लाख पौंडांत जातो, आणि त्यावरचा वीस टक्के करच ही मर्यादा ओलांडतो.

कर कमी केला तर तिजोरीला तोटा होईल, हे उत्तर ठरलेले असते. तो तोटा खरा आहे. पण दुरुस्ती वर्षानुवर्षे पुढे ढकललेली इमारत शेवटी अनुदानासाठी त्याच तिजोरीच्या दारात येते, तेव्हा पन्हळीचा प्रश्न छपराचा झालेला असतो. दुरुस्ती आणि नवे बांधकाम यांवरचा कर निदान समान पातळीवर आणावा, मोठ्या अनुदानासोबत पुढील वीस वर्षांच्या देखभालीची रक्कम वेगळी बांधून द्यावी, आणि वास्तुविशारदाचे मानधन कामाच्या आकारापासून तोडून तपासणीच्या तासांशी जोडावे, या तीन गोष्टी मॉरिसच्या जाहीरनाम्यातूनच निघतात. त्यासाठी नवे तत्त्व शोधावे लागत नाही. दर शरद ऋतूत, पानगळ संपली की, कोणीतरी शिडी लावून वर चढावे आणि त्याचे पैसे कोणत्या खात्यातून द्यायचे हे आधीच ठरलेले असावे, एवढेच करायचे आहे.